पॅडमोर राहूनच गेला की!

आफ्रिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या नेत्यांच्या वरच्या यादीत घानाचे एन्क्रुमा आणि केनियाचे केन्याटा यांच्यावर भरभरून लिहिलंय, पण १९४५च्या मँचेस्टरमधल्या पॅन-आफ्रिकन (आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या एकजुटीसाठीच्या) परिषदेचा उल्लेख एका ओळीत उरकलाय. ती घडवून आणण्यात ज्याचा मोठा हात होता तो जॉर्ज पॅडमोर यादीत नाहीच!

हा मूळचा त्रिनिदादचा, खरं नाव माल्कम नर्स. आधी मॉस्कोत कॉमिन्टर्नचं, म्हणजे कम्युनिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं काम केलं. मग सोव्हिएत धोरण वसाहतींच्या प्रश्नावर मवाळ झालं तसा बाहेर पडला. लंडनमधलं त्याचं घर म्हणजे आफ्रिकन, कॅरिबियन तरुणांचा अड्डाच. मे १९४५मध्ये एन्क्रुमा अमेरिकेहून लंडनला आले, ते त्रिनिदादचेच लेखक सी. एल. आर. जेम्स यांची पॅडमोरच्या नावे चिठ्ठी घेऊन. आणि स्टेशनवर त्यांना उतरवून घ्यायला स्वतः पॅडमोर हजर! (असा यजमान मिळायला नशीब लागतं.) ऑक्टोबरात दोघे मिळून मँचेस्टरच्या त्या परिषदेचं काम बघत होते. सत्तरी ओलांडलेले अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइसही आले होते. घाना १९५७ला स्वतंत्र झाल्यावर एन्क्रुमांनी पॅडमोरला सल्लागार म्हणून राजधानी अक्राला बोलावून घेतलं. तिथे जेमतेम दोन वर्षं मिळाली. १९५९मध्ये लंडनमध्ये वारला, पण अस्थी मात्र अक्रातल्या ख्रिश्चन्सबोर्ग किल्ल्यात ठेवल्या.