रत्नागिरीतून टेनिसची एम१५ : सोळाव्या वर्षी उतरवावं का?

भाट्ये_बेसलाइन
मुलगा सोळा वर्षांचा, सराव रत्नागिरीतच. एआयटीएच्या (अखिल भारतीय टेनिस संघटना) १८ वर्षांखालच्या मोठ्या स्पर्धांत मुख्य ड्रॉमध्ये, म्हणजे पात्रता फेरीनंतरच्या मुख्य स्पर्धेत, एखाददुसरी फेरी काढतो. यंदा आयटीएफची (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) एम१५, म्हणजे पुरुषांची सगळ्यात खालच्या पातळीची व्यावसायिक स्पर्धा, खेळवावी का? नाव कसं द्यायचं? आणि आपल्या दमट हवेत तयारीचं काय?

कुडाळ_सर्व्ह
दादा, आधी गुणांचा हिशेब बघा. मुख्य ड्रॉ ३२ जणांचा. पहिला सामना जिंकला की एटीपीचा (पुरुषांच्या व्यावसायिक क्रमवारीचा) १ गुण, उपांत्यपूर्व फेरी गाठली की २, उपांत्य ४, उपविजेत्याला ८, विजेत्याला १५. पात्रता फेरीत कितीही सामने काढले तरी एटीपीचा गुण शून्य. पहिल्याच फेरीत हरलं तर हाती दीडशे डॉलरच्या आसपास. आठवड्याची खोली, जेवण, गाडीभाडं त्यात निघत नाही.

माझं स्पष्ट मत: वर्षभर आयटीएफच्या ज्युनिअर स्पर्धा, जे३० आणि जे६०, हाच मुख्य मार्ग ठेवा आणि एम१५ फक्त देशातल्या. ज्युनिअर क्रमवारीत पहिल्या शंभरात आलेल्यांसाठी एम१५च्या मुख्य ड्रॉमध्ये काही जागा राखीव असतात. पात्रतेची दगदग तिथे वाचते. पुण्याच्या मानस धामणेला २०२३च्या टाटा ओपन या पुण्यातल्या एटीपी स्पर्धेत पंधराव्या वर्षी वाइल्ड कार्ड (क्रमवारी न बघता थेट प्रवेश) मिळालं, पण पहिल्या फेरीत मायकेल म्मोकडून तो हरला. पुढे त्यालाही याच छोट्या स्पर्धांतून गुण गोळा करावे लागले.

चिपळूण_टॉपस्पिन
नाव देण्यासाठी आयपिन, म्हणजे आयटीएफचा खेळाडू नोंदणी क्रमांक, हवा. स्पर्धेच्या सोमवारच्या १८ दिवस आधीचा गुरुवार ही मुदत, आपल्या घड्याळात संध्याकाळी साडेसात. माघार १३ दिवस आधीच्या मंगळवारपर्यंत. बरेच पालक नाव देतात आणि माघारीची तारीख विसरतात, मग दंड बसतो. दोन्ही तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पात्रतेत तिसऱ्या सेटऐवजी १० गुणांचा मॅच टायब्रेक असतो. सरावाच्या शेवटी, पोरगा दमलेला असताना, रोज एक खेळवा.

मालवण_कोर्ट२
हवेबद्दल. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. नुसतं पाणी पिऊन क्षार भरून निघत नाहीत आणि दुसऱ्या सेटमध्ये पोटरीत गोळा येतो. सामन्याच्या आदल्या संध्याकाळपासून ओआरएस सुरू करा. प्रत्येक सेटनंतर ओव्हरग्रिप (रॅकेटच्या मुठीवर गुंडाळायची पट्टी) बदला. ओली ग्रिप निसटू नये म्हणून मूठ आवळली जाते आणि कोपर धरतं.

रॅकेटची पॉलिएस्टर तार बदलायला ती तुटेपर्यंत थांबू नका. दहा-पंधरा तासांच्या खेळानंतर ती मेलेली असते, ताण उतरतो आणि चेंडू लांब जातो. एप्रिलमध्ये बंद गाडीत रॅकेट ठेवली तर ताण त्याहून लवकर उतरतो. नॅचरल गट (जनावराच्या आतड्याची तार) इथे नकोच, दमटपणाने ती फुगते आणि तिचे धागे सुटतात.

पावसाळ्यात सिमेंटच्या कोर्टावर बेसलाइनमागे हिरवट शेवाळ धरतं. ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासा, धुऊन पूर्ण सुकू द्या, मगच पोराला आत सोडा.