मदत हवी आहे: रोमचे सरकारी वैद्य गरिबांपर्यंत खरंच पोहोचत होते का?

नमस्कार मंडळी,

वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अभ्यासमंडळासाठी रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातल्या सरकारी वैद्यांवर टिपण लिहितोय. कायदे वाचले, पण रुग्णांच्या बाजूचं काही हाती लागत नाही. इथे लॅटिन-ग्रीक जाणणारे आहेत, म्हणून विचारतो.

मला धरून ठेवलंय ते सम्राट पहिल्या व्हॅलेंटिनियनच्या एका कायद्याने, इ.स. ३७० च्या सुमाराच्या. रोम शहराचे १४ विभाग आणि प्रत्येकाला एक आर्किआटर, म्हणजे सरकारी वैद्य. त्याचा शिधा जनतेच्या पैशातून येतो, तेव्हा श्रीमंतांची लाचारी करण्यापेक्षा त्याने गरिबांची सेवा करावी, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. पुढचं वाक्य तर मला फार मोलाचं वाटतं. धडधाकट माणूस सेवेबद्दल जे देईल ते वैद्याने खुशाल घ्यावं. पण जिवावर बेतलेला रुग्ण 'वाचवा, वाट्टेल ते देतो' म्हणून जे कबूल करेल, ते घेऊ नये. मरणाच्या भीतीचे पैसे करायचे नाहीत, हे सोळाशे वर्षांपूर्वी कायद्यात आलं!

जागा रिकामी झाली की नव्या माणसाला किमान सात सहकाऱ्यांची पसंती लागे आणि तो शेवटच्या क्रमांकावर बसे. तरी ३८४-८५ मध्ये नगरप्रमुख सिमाकसला याच क्रमांकाच्या वादाबद्दल सम्राटाला लिहावं लागलं. मानापमानाच्या नोंदी अशा सापडतात, रुग्णांच्या मात्र नाहीत.

इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस शहराच्या पपायरसांत (लव्हाळ्याच्या कागदावरच्या जुन्या लेखांत) सरकारी वैद्य भेटतो, पण तो मारहाणीच्या फिर्यादीत जखमा तपासून लेखी अहवाल देताना. आपल्याकडच्या मेडिको-लीगल केससारखंच. उपचारांचं काय?

तर विचारायचं ते असं. साध्या माणसाने सरकारी वैद्याकडून फुकट औषधोपचार घेतल्याचा उल्लेख एखाद्या पत्रात, अर्जात, संतचरित्रात वाचलाय का कुणी? दुसऱ्या शतकातल्या सम्राट अंटोनायनस पायसने करमाफी मिळणाऱ्या वैद्यांची संख्या लहान शहरांना ५, मोठ्यांना ७, सर्वांत मोठ्यांना १० अशी बांधून दिली होती. मग खेड्यातला आजारी माणूस कुणाकडे जायचा? आणि सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने वैद्यांचे पगार बंद केले असं त्याच्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस म्हणतो, तर त्याच सम्राटाच्या ५५४ च्या फर्मानात रोममधल्या वैद्यांचं वेतन चालू ठेवायला सांगितलंय. प्रोकोपियसचा जस्टिनियनवरचा राग लक्षात घेऊनही, हे दोन्ही एकत्र कसं वाचायचं?

इंग्रजी, जर्मन काहीही चालेल. पपायरसचा क्रमांक देता आला तर फारच उत्तम, मूळ मजकूर मी शोधून काढेन.