नजीकच्या भविष्यातली जुनी वस्ती आणि पुसटसे अमानवी: कथेत मेळ कसा घालावा?

प्रश्न – ‘उंबरा’

मी एका दीर्घकथेवर काम करत आहे. ती २०४५ च्या सुमारास एका ऐतिहासिक शहराच्या मध्यवर्ती, दाट वस्तीत घडते. गल्ल्या अरुंद आहेत, घरे एकमेकांना टेकलेली आहेत, खालून भुयारी रेल्वे धावते, प्रत्येक भिंतीत ओल आणि कंपने मोजणारी यंत्रे बसवलेली आहेत आणि संपूर्ण वस्तीची त्रिमितीय संगणकीय प्रतिकृती महापालिकेकडे आहे. या वस्तीत काहीतरी अमानवी आहे, परंतु ते अंगावर येणारे नसावे, वाचकाला त्याची नुसती कुणकुण लागावी, अशी माझी इच्छा आहे.

अडचण अशी की भविष्यकाळ खरा वाटावा म्हणून मी तांत्रिक तपशील भरू लागलो की अमानवी भाग पोरकट वाटतो, आणि तो भाग जपायला गेलो की २०४५ हे साल नुसते नावापुरते उरते. रात्रंदिवस सगळ्याची मोजमापे चालू असलेल्या वस्तीत गूढ टिकवायचे तरी कुठे? वस्ती काल्पनिक असल्यामुळे कोणत्याही शहराचे उदाहरण चालेल. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ – ‘जुना दस्त’

मोजमापे आली की गूढ संपते, हे आपले गृहीतकच मला पटत नाही. पात्रे उलगडा करण्याच्या मागे लागली की गूढ संपते. खऱ्याखुऱ्या जुन्या वस्त्यांतली माणसे उलगडा करत बसत नाहीत. ती अडचणीच्या जागेशी तडजोड करून आपापल्या कामाला लागतात, आणि ती तडजोड पुढे नकाशांत, करारांत आणि इमारतींच्या आराखड्यांत उतरते.

याचे चोख उदाहरण टोकियोच्या ओतेमाची भागात आहे. तायरा नो मासाकादो हा बंडखोर सरदार इ. स. ९४० मध्ये मारला गेला. त्याचे शिर क्योतोला नेऊन टांगण्यात आले, आणि आख्यायिकेनुसार ते तिथून उडून पूर्वेकडे परतले व आज जिथे ओतेमाची आहे तिथे पडले. त्या जागी त्याची समाधी मानली जाते. १९२३ च्या महाभूकंपानंतर ती जागा सपाट करून तिच्यावर अर्थ मंत्रालयाची तात्पुरती कार्यालये उभारण्यात आली. पुढच्या काही वर्षांत, अर्थमंत्रिपद भूषवलेल्या हायामी सेइजी यांच्यासह मंत्रालयातील अनेक जण दगावले, कुजबुज वाढत गेली आणि अखेरीस कार्यालये हटवून तिथे शांतिविधी करण्यात आले. १९४० मध्ये, मासाकादोच्या मृत्यूला हजार वर्षे होत असताना, वीज पडून मंत्रालयाला आग लागली, तेव्हा पुन्हा तेच नाव निघाले. आज तो भाग बँका आणि बड्या कंपन्यांच्या मनोऱ्यांनी भरलेला आहे, तरीही समाधी जागच्या जागी आहे, आणि २०२१ मध्ये तिचे नूतनीकरणही पूर्ण झाले. तिथल्या जमिनीच्या प्रत्येक तुकड्याचे मोल ज्यांना पक्के ठाऊक आहे, त्यांनीच ही जागा मोकळी सोडली आहे. त्यांचा त्यावर विश्वास आहे की नाही, याने आराखड्यात काहीच फरक पडत नाही, आणि आपल्या कथेतही तो पडण्याचे कारण नाही.

आपल्या कथेत महापालिकेची प्रतिकृती आहेच. तिच्या नियमांच्या यादीत एक नोंद असू द्या, की अमुक आयताच्या खाली ड्रिलिंग करू नये. कारणाच्या रकान्यात फक्त एका जुन्या फायलीचा क्रमांक आहे. ती फाईल उघडली तर तीत तिच्याहूनही जुन्या फायलीचा हवाला आहे. नव्याने रुजू झालेली अभियंता मुलगी ही नोंद चुकीची समजून काढून टाकते आणि तिचे वरिष्ठ एका शब्दाचाही जाब न विचारता ती परत घालतात. इतक्याने तंत्रज्ञान आणि अमानवी हे दोन वेगळे भाग राहत नाहीत, कारण यंत्रणाच त्या गोष्टीची वहिवाट सांभाळत असते.

प्रतिसाद २ – ‘बिंदुमेघ’

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मी सर्वेक्षणाच्या व्यवसायात असल्यामुळे एक तांत्रिक भर घालतो.

इमारतींची त्रिमितीय प्रतिकृती करण्यासाठी वापरला जाणारा लेझर स्कॅनर किरण सोडतो आणि तो परत येण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो. मध्ये आरसा किंवा काच आली तर किरण वळतो, परंतु यंत्राला ते वळण कळत नाही. ते अंतर सरळ रेषेतच धरते, आणि परिणामी भिंतीच्या पलीकडे, जिथे प्रत्यक्षात काहीच नाही तिथे, खोलीची उलटी प्रतिमा ठिपक्याठिपक्यांनी उमटते. स्कॅन चालू असताना कोणी समोरून चालत गेले तर त्याचेही तुटक अवशेष राहतात. हा सगळा कचरा पुसून टाकावा लागतो. पुष्कळसे काम सॉफ्टवेअर करते, पण किचकट जागी माणसालाच बसावे लागते, आणि ते काम अत्यंत कंटाळवाणे असते.

आपले मुख्य पात्र हा कचरा पुसणारी बाई असावी, असे मी सुचवेन. एका घराच्या भिंतीपलीकडे तिला एक जिना दिसतो. समोरच्या आरशामुळे तो उमटला हे उघड असल्याने ती तो पुसते आणि तशी नोंद करते. पुढच्या स्कॅनच्या वेळी आरसा काढून ठेवलेला असतो, तरीही जिना असतो. ती तो पुन्हा पुसते, कारण कंत्राटात तेच लिहिलेले आहे. तिसऱ्या वेळी जिन्याला एक पायरी जास्त असते. यापलीकडे काहीही सांगू नये.

‘उंबरा’

दोघांचेही मनःपूर्वक आभार. जिन्याची कल्पना फारच आवडली. परंतु वाचक शास्त्रीय कारण विचारणारच. ते द्यावे, की विषयच टाळावा?

प्रतिसाद ३ – ‘भिंतीला कान’

द्यावे, कथेच्या सुरुवातीलाच द्यावे आणि ते खरे ठरू द्यावे.

१९२१ मध्ये अमेरिकेतील एका नेत्रवैद्यकीय नियतकालिकात एका कुटुंबाची हकिकत प्रसिद्ध झाली होती. घरात पावलांचे आवाज येत, अनोळखी आकृत्या दिसत, सर्वांची डोकी दुखत आणि कुंड्यांतील झाडे मरत. कारण निघाले, बिघडलेल्या भट्टीतून घरात पसरणारा कार्बन मोनॉक्साइड. दुसरे उदाहरण विक टँडी या ब्रिटिश अभियंत्याचे आहे. त्यांना प्रयोगशाळेत नजरेच्या कडेला एक करडी आकृती दिसली होती. दुसऱ्या दिवशी व्हाइसमध्ये, म्हणजे वस्तू घट्ट धरून ठेवणाऱ्या पकडीत, पकडलेले तलवारबाजीचे पाते आपोआप थरथरू लागले, तेव्हा ते पंख्यातून निघणाऱ्या सुमारे १९ हर्ट्झच्या, कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींपर्यंत पोहोचले. हे निरीक्षण त्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. ते सर्वांनी मान्य केलेले नाही, पण कथेला तेवढे पुरते.

आपल्या वस्तीत खालून रेल्वे जाते आणि घरोघरी हवा मोजली जाते. तेव्हा पहिल्या दोन तक्रारींचे निवारण याच मार्गाने होऊ द्या: एकीकडे वायुगळती सापडते, दुसरीकडे भुयारातला पंखा बदलला जातो, आणि रहिवाशांना खरोखर आराम पडतो. तिसऱ्या घरात हवाही स्वच्छ आहे आणि कंपनेही नाहीत. तक्रार बंद करताना निवडायला दोनच पर्याय दिलेले असल्यामुळे अधिकारी त्यातला एक निवडतो. वाचकाला जे कळायचे ते इथे कळते.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी, ती म्हणजे पर्यटकांसाठी घोटून गुळगुळीत झालेले भूत. एडिनबरोच्या मेरी किंग्ज क्लोज या जमिनीखाली गेलेल्या गल्लीत १९९२ मध्ये एका जपानी अतींद्रियदर्शी बाईंना लहान मुलगी जाणवली म्हणून त्यांनी तिच्यासाठी बाहुली ठेवली, आणि पुढे तिथे बाहुल्यांचा ढीग साचला. शनिवारवाड्यातल्या आरोळीचेही तेच झाले आहे. नारायणरावांचा खून १७७३ चा आहे, पण ती आरोळी आता ऐकण्याआधीच पाठ असते.

प्रतिसाद ४ – ‘पोटमाळा’

सर्व सूचना उत्तम आहेत, पण तडजोड सांभाळणारी माणसेच उठून गेली तर काय, हा मुद्दा राहून गेला. प्रागच्या जुन्या ज्यू वस्तीची पुनर्रचना करण्याचा कायदा १८९३ मध्ये झाला आणि पुढे तिथली बहुतेक घरे पाडली गेली. काही सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळे), ज्यू नगरभवन आणि दफनभूमी एवढेच वाचले. जुन्या सिनेगॉगच्या माळ्यावर गोलेम, म्हणजे मंत्राने जिवंत केलेला मातीचा पुतळा, पडून आहे, ही आख्यायिका टिकली, पण आजूबाजूच्या गल्ल्यांतले लहानसहान संकेत त्या घरांबरोबर गेले असणार. माझ्या मते २०४५ मधला खरा ताण इथे आहे. भाडी वाढतात, जुने भाडेकरू जातात आणि नव्यांना कोणते दार कधी लावायचे नाही, हे कोणीच सांगत नाही.

त्यामुळे जुना जाणकार म्हातारा आणून त्याच्या तोंडून सगळे वदवून घेण्याचा मोह आवरावा. तो पहिल्या पानापूर्वीच घर सोडून गेलेला असावा, आणि नव्या बिऱ्हाडाने मधल्या दाराला आपोआप बंद होणारे कुलूप नुकतेच बसवून घेतलेले असावे.