आजीच्या खोलीतला रिमोट

धाकटी काकू: सगळ्यांना एक विचारायचंय. मागच्या खोलीत आईंसाठी हॉलमधला जुना टीव्ही लावला. टीव्हीचा एक रिमोट, सेट टॉप बॉक्सचा एक. काल संध्याकाळी घरी आले तर त्या ‘नो सिग्नल’ लिहिलेल्या पडद्यासमोर बसलेल्या. चुकून सोर्सचं, म्हणजे टीव्हीवर चित्र कुठून घ्यायचं ते बदलण्याचं, बटण दाबलं गेलं होतं. दुपारपासून तशाच. फोन का नाही केला विचारलं तर म्हणाल्या, तू कामात असतेस. मला फार लागलं ते. एकच साधा, मोठ्या बटणांचा रिमोट कुठला घ्यावा?

दादा: काकू, सगळ्या कंपन्यांना चालणारे ‘युनिव्हर्सल’ मिळतात ऑनलाइन. लिंक टाकू?

आत्या: तो नको गं. आमच्याकडे आणला होता. पन्नासेक बटणं, त्यात आधी टीव्ही की बॉक्स ते निवडायचं. सासूबाईंनी दोन दिवसांत बाजूला ठेवला.

अप्पाकाका: ‘लर्निंग’ रिमोट बघ, जुन्या रिमोटची बटणं शिकून घेणारा. सहा-सात मोठी बटणं असतात, कोड वगैरे घालावा लागत नाही. जुना आणि नवा रिमोट टेबलावर तोंडाला तोंड लावून ठेवायचे, मध्ये दोन बोटांचं अंतर. शिकवण्याचं बटण दिवा लागेपर्यंत दाबून धरायचं, मग नव्यावरचं बटण आणि लगेच जुन्यावरचं. दिवा लुकलुकला की शिकला. माझ्याकडच्याचा क्रम असा आहे, तुझ्या सोबतच्या कागदावर बघून घे.
आता महत्त्वाचं. पॉवर आणि आवाज टीव्हीचा शिकव, चॅनल वर-खाली बॉक्सचं. बॉक्स कायम चालूच ठेव. दोन्ही एका बटणावर घ्यायला गेलीस तर कधीतरी टीव्ही चालू आणि बॉक्स बंद असं उलटं होऊन बसतं, मग आईला काही उमगणार नाही. आणि सोर्सचं बटण शिकवूच नकोस.

दादा: पण अप्पा, बॉक्सच्या रिमोटवरही टीव्हीसाठी दोन-चार बटणं असतात ना, शिकवता येणारी? फुकटात काम होईल.

अप्पाकाका: असतात बऱ्याच रिमोटवर, आणि डोळे चांगले असतील तर तेच करावं. पण त्यावरची बाकीची तीस बटणं कुठे जाणार? आईचं बोट जातं ते त्यांच्यावरच.

ताई: काकू, मी कीर्तनं ऐकायला आजीच्या टीव्हीला इंटरनेटवरचं दाखवणारी स्टिक लावून दिली होती ना, त्या स्टिकचा रिमोट ब्लूटूथवर चालतो. तो ह्याला शिकवता येणार नाही. ती स्टिक सध्या काढूनच ठेवूया का? आजीला सातच्या बातम्या आणि मालिकाच हव्या असतात. मराठी वाहिन्या बॉक्सवर लागून लागून आहेत, वर-खाली पुरेल.

धाकटी काकू: हो, काढते.

(चार दिवसांनी)

धाकटी काकू: आला रिमोट. आवाज कमी करण्याचं बटण काही केल्या शिकेना. जीव मेटाकुटीला आला.

अप्पाकाका: जुन्या रिमोटचंच ते बटण गेलं असेल. मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू कर, रिमोटचं टोक त्याच्याकडे धरून बटण दाब. पडद्यावर जांभळट ठिपका दिसला तर किरण निघतोय.

धाकटी काकू: नाही दिसत! बाकी बटणांना दिसतो.

अप्पाकाका: उघडून बटणांचं रबर पुसून घे, मग परत कर.

धाकटी काकू: झालं. 🙏 पॉवरच्या बटणावर टिकली चिकटवलीय, अंधारातही बोटाला लागते. आईंनी स्वतः चारदा चालू-बंद करून बघितला. जुन्या दोन्ही रिमोटचं काय करू?

अप्पाकाका: टाकू नकोस. सेल काढून कपाटात ठेव, आत राहिले तर पाझरून पट्ट्या खराब करतात. नवा कधी पडून फुटला तर दुसऱ्याला शिकवायला हेच लागतील.