मदत हवी आहे: गोऱ्हा फऱ्यानं गेला, पुरलेल्या जागेचं काय करू?

नमस्कार मंडळी. मी पारोळा तालुक्यातली, बोरीकाठच्या गावातली. बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

गेल्या आठवड्यात आमचा सव्वा वर्षाचा गोऱ्हा गेला. संध्याकाळी मागच्या पायानं लंगडत होता, मांडी सुजली होती, दाबली की आत करकर वाजायची. सकाळी पाहिलं तर संपलेला. डॉक्टरांनी फऱ्या सांगितला. पावसाळ्याआधी गावात लस टोचली तेव्हा तो मामांकडे होता, त्याची राहूनच गेली. हे मनातून जात नाही.

पाऊस सुरू, त्यात काळी माती. खड्डा जेमतेम कमरेएवढा झाला. बांधाजवळच पुरला. आबा म्हणतात, "मातीमा रोग ऱ्हास (राहतो) का? पानी पडनं, वाही गया." पण मला तसं वाटत नाही. गेल्याच सत्रात आम्ही बीजाणूंचं, म्हणजे काही जिवाणू तग धरायला जे घट्ट कवचाचं झोपलेलं रूप घेतात त्याचं, रंजन (रंग देऊन पाहणं) केलं होतं. स्लाइड वाफेवर धरून मॅलाकाइट ग्रीन दिलं, धुतलं, मग लाल सॅफ्रॅनिन. लाल पेशींच्या पोटात हिरवे ठिपके, तेच बीजाणू! वाफ दिल्याशिवाय रंगसुद्धा आत शिरत नाही, इतकं ते कवच घट्ट. १८७६ साली जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांना गवताच्या काढ्यात उकळूनही न मरणारे जिवाणू सापडले, ते याच बीजाणूंमुळे. फऱ्याचा जिवाणू क्लॉस्ट्रिडियम शोव्हिआय त्याच जातकुळीचा.

तर प्रश्न असा: गोऱ्हा उकरून खोल पुरावा का? तिथं फिनेल ओतून उपयोग होईल का? घरात अजून दोन वासरं आणि बैलजोडी आहे. आणि आबांना कसं समजावू?

पशुवैद्य, धुळे

ताई, आधी एक: उकरू नका. उकराल तर आतलं सगळं वर येईल, पावसाच्या पाण्याबरोबर शेजारच्या वावरातही जाईल. त्याच खड्ड्यावर आणखी माती टाकून मोठा ढीग करा, पाणी साचू देऊ नका, बाभळीच्या काट्यांचं कुंपण घाला. तिथं चराई नाही, गवत कापायचं नाही, नांगर घालायचा नाही. गोऱ्हा जिथं पडला ती जागा कोरडी झाली की पऱ्हाटी पसरून चांगली जाळा, म्हणजे वरचा थर भाजून निघेल.

फिनेलनं बीजाणू मरत नाहीत. गोठ्यासाठी ब्लीचिंग पावडरचं ताजं पाणी वापरा, पण आधी शेणमाती खरडून काढा. शेणावर पडलेलं ब्लीचिंग वाया जातं. उरलेल्या जनावरांना लगेच तुमच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, लस ते ठरवतील. वासरं जास्त जपा, सहा महिने ते दोन वर्षांची धष्टपुष्ट जनावरंच हा रोग आधी धरतो. ताप किंवा लंगडणं दिसलं तर रात्र जाऊ देऊ नका. पेनिसिलिन सुरुवातीलाच चालतं, कारण ते वाढणाऱ्या जिवाणूवर काम करतं. झोपलेल्या बीजाणूवर त्याचा काही परिणाम नाही.

कपाशीवाला, शिरपूर

आबांना कुंद्याचं, त्या चिवट गवताचं, सांगा ना. उन्हाळाभर वावर तापतं, वर काडी दिसत नाही, पहिल्या पावसाला कुंदा परत हजर. आमचे वडील त्यावरून लगेच समजले होते.

मूळ धागाकर्ती

सर, दादा, खूप आभार. कुंद्याचं आबांना पटलं. फक्त एक फरक मी त्यांना सांगितला: कुंदा पसरतो, हा जिवाणू बीजाणू करून वाढत नाही. खाणं संपलं की पेशी आत एक लहान भाग वेगळा करते, मोठा भाग त्याला गिळून त्याच्याभोवती थरावर थर चढवतो, पाणी काढून घेतो, कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल भरतो आणि शेवटी स्वतः फुटून जातो. एका पेशीतून एकच बीजाणू. आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे वाट देखत बठस."

आज माती टाकली, काटे उद्या आणतो. पण आता आठवलं: पुरल्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याच बांधाचं गवत कापून भारा गोठ्यात टाकला आहे. अजून सोडलेला नाही. त्याचं काय करू?

पशुवैद्य, धुळे

खाऊ घालू नका. वाळवून जाळा. विळाही जाळावर धरा.