द वायर : पाचवा सीझन मध्येच सोडावासा वाटतोय

अक्कलकोट_रोड :
'द वायर' म्हणजे बाल्टिमोर शहरातले पोलीस आणि ड्रग्जचा धंदा यांच्यावरची अमेरिकन मालिका. रात्री जेवणं झाली की मी आणि रूममेट मिळून तिचा एक-एक भाग बघतो. चार सीझन एका दमात संपवले. चौथा, शाळेचा, तर असला जबरदस्त की त्यातल्या ड्युकी नावाच्या पोराच्या काळजीने झोप लागत नव्हती. आता पाचव्याचे पाच भाग झालेत आणि गाडी अडकलीय. मॅकनल्टी हा डिटेक्टिव्ह बेघर माणसांच्या प्रेतांच्या मनगटाला लाल रिबन बांधतो आणि नसलेला सीरियल किलर उभा करतो, हे पटतच नाही बे. ज्या मालिकेत एक फोन टॅप करायची परवानगी मिळवायला पोलिसांची दमछाक व्हायची, तिथे हे? त्यात मध्ये मध्ये बाल्टिमोर सन या पेपरचं ऑफिस. त्या संपादकांशी मला काही देणंघेणं नाही, मला शाळेची ती पोरं, मायकल आणि ड्युकी, पाहिजेत. ड्रग्जवाल्यांना लुटणारा ओमर मरतो हे इन्स्टाने आधीच फोडलंय, त्यामुळे बिनधास्त लिहा. पुढे बघू का सोडू?

विजापूर_वेस :
सोडू नको, पण पेपरचे प्रसंग पळव. मायकल-ड्युकीचा निरोपाचा प्रसंग आणि शेवटचा भाग तेवढा नीट बघ.

रात्रपाळी :
पळवू नकोस. पेपरचे प्रसंग तर मुळीच नको.

मी सोलापुरातल्या एका दैनिकात बरीच वर्षं उपसंपादक होतो. शहराचं पान, कायम रात्रीची पाळी. आता त्या धंद्यात नाही. पाचही सीझनमध्ये मला हा सगळ्यात जवळचा वाटतो आणि त्याला कारण आहे आठव्या भागातला एक अगदी छोटा प्रसंग. ओमर कोपऱ्यावरच्या दुकानात सिगारेट घ्यायला जातो आणि केनार्ड नावाचा लहान पोरगा त्याला गोळी घालतो. तिसऱ्या सीझनमध्ये गोळीबारानंतर रस्त्यावर 'आता मी ओमर' म्हणून खेळणारी पोरं आठवतात? त्यातलाच हा. ज्याची शिट्टी ऐकली की गल्ल्या रिकाम्या व्हायच्या, तो माणूस असा जातो. सनच्या डेस्कवर त्याचं काय पोचतं? ३४ वर्षांचा पुरुष, दुकानात गोळी लागून ठार. पानात जागा एकाच छोट्या बातमीपुरती आहे आणि दुसरी बातमी आगीची आहे. आगीची बातमी लागते, ओमरची राहते. यात कुणाचा कट नाही, दबाव नाही. निर्णय घेणारा गस हेन्स त्या ऑफिसातला सगळ्यात सच्चा पत्रकार आहे, आणि आपण कोणाला वगळलं हे त्याला कधी कळणारही नाही.

हे असंच घडतं. आमच्याकडे रात्री सिव्हिल हॉस्पिटलच्या पोलीस चौकीतल्या नोंदी यायच्या. पूर्व भागातला यंत्रमाग कामगार, कारखान्यात शॉक लागून मृत्यू, सिव्हिल चौकीत नोंद. चार ओळी. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत शुभेच्छांच्या जाहिराती इतक्या यायच्या की पान अर्ध्यावर यायचं, आणि पान सोडायची वेळ झाली की पहिल्यांदा उडायच्या त्या या चार ओळी. अशाच एका कामगाराचा भाऊ दुसऱ्या दिवशी ऑफिसात आला होता. हातात बँकेच्या पासबुकावरून सोललेला फोटो, मागे डिंक आणि कागदाचा पापुद्रा तसाच चिकटलेला. तेलुगू वळणाच्या मराठीत एवढंच विचारत होता, "पेपरात का आलं नाही?" मालकाविरुद्ध त्याची तक्रार नव्हती, भरपाईचा विषयही त्याने काढला नाही. भाऊ गेला याची कुठेतरी नोंद असावी, घरात ठेवायला कात्रण असावं, इतकंच त्याचं म्हणणं होतं. त्या फोटोसकट बातमी आम्ही तिसऱ्या दिवशी लावली. तोवर दहनही होऊन गेलं होतं.

मालिका लिहिणारा डेव्हिड सायमन स्वतः बाल्टिमोर सनमध्ये गुन्हेगारीच्या बातम्या करायचा. १९९५ मध्ये पेपरने माणसं कमी करायला पैसे देऊ केले, ते घेऊन तो बाहेर पडला. म्हणून तर हे ऑफिस इतकं खरं उतरलंय. बंदराच्या बातमीतला आकडा उलटासुलटा तर गेला नाही ना, या शंकेने गस रात्री दचकून उठतो आणि डेस्कला फोन लावतो. अल्मा ही बातमीदार आपली तिहेरी खुनाची बातमी बघायला पहाटे पेपर शोधत फिरते आणि ती आत कापून लावलेली सापडते. जळालेल्या प्रत्येक घरासमोर फोटोग्राफरला एक जळकी बाहुली बरोब्बर कशी सापडते, ते पहिल्या भागात पुन्हा बघ.

आता तुझा मुख्य आक्षेप. ड्रग्जचा धंदा चालवणाऱ्या मार्लोच्या माणसांनी ओसाड घरांत लपवलेली २२ खरी प्रेतं पोलिसांच्या हातात होती. तो तपास पैसे नाहीत म्हणून गुंडाळला. खोटा किलर उभा राहिल्याबरोबर ओव्हरटाइम सुरू, गाड्या हजर, माणसं हजर. पाचव्या भागात सनचा बातमीदार टेम्पलटन 'किलरचा मला फोन आला' अशी थाप मारतो. ती थाप आहे हे खात्रीने कोणाला माहीत? मॅकनल्टीला, कारण किलरच त्याने बनवलाय. आणि तरी तो मान डोलावतो, कारण ती थाप त्याला हवी आहे. पोलीस आणि पेपर एकमेकांच्या खोट्यावर जगायला लागतात, ते इथून. पेपरचे प्रसंग पळवलेस तर मॅकनल्टी नुसता वेडा वाटेल.

सात_रस्ता :
काका, ओमरबद्दल पटलं. पण गस धुतल्या तांदळासारखा, आणि पेपरातले त्याच्या वरचे दोन्ही साहेब बक्षिसामागे लागलेले, त्यांना दुसरी बाजूच नाही. दुसऱ्या सीझनमधल्या फ्रँक सोबोटकाकडे, त्या गोदी कामगारांच्या पुढाऱ्याकडे बघा, चूक करतो तरी पोटात कालवतं. सायमनने इथे जुन्या साहेबांचा हिशोब चुकता केलाय असं मला वाटतं. शिवाय चौथ्याला १३ भाग होते, याला १०. घाई दिसते. लेस्टर फ्रीमनसारखा थंड डोक्याचा डिटेक्टिव्ह मॅकनल्टीच्या नादी इतक्या पटकन लागतो, हे तर मला अजिबात झेपलं नाही.

रात्रपाळी :
ताई, साहेबांबद्दल तुमचं बरोबर आहे. असे साहेब मी पाहिलेत, पण त्यांनाही घर असतं, पगाराची चिंता असते. ते सायमनने दाखवायला हवं होतं. लेस्टरबाबत मात्र नाही. वरच्यांचं न ऐकता सरळ तपास केला म्हणून त्या माणसाला तेरा वर्षं पॉन शॉप युनिटमध्ये, म्हणजे गहाणवटीच्या दुकानांवर लक्ष ठेवायच्या कोपऱ्यातल्या कामावर बसवलं होतं, हे पहिल्याच सीझनमध्ये सांगितलंय. नियमाने वागून काय मिळतं, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? मॅकनल्टीने फक्त दार उघडलं.

आणि व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्या बबल्सला विसरू नका. फ्लेचर नावाचा बातमीदार त्याच्या मागे दिवसचे दिवस फिरतो, ऐकतो, आणि छापण्याआधी लिहिलेलं त्याला वाचायला देतो. सगळ्या सीझनमध्ये पेपरने पूर्णपणे नीट केलेलं काम म्हणजे हे. बबल्स बहिणीच्या तळघरातून वर जेवायच्या टेबलापर्यंत कसा पोचतो, ते या बातमीशिवाय अर्धंच कळतं.

अक्कलकोट_रोड :
लेस्टरची तेरा वर्षं डोक्यातून पार गेली होती. ठरलं, पळवायचं नाही. रूममेट म्हणतोय पहिला भाग परत लावू, बाहुलीसाठी. आज आमच्याकडे पाणी सुटणार आहे, ते भरून झालं की बसतो.