बीटी कापसाचं पेटंट: क्लेम २५ मध्ये नक्की काय काय येतं?

परभणीकर:
एमएस्सी बायोटेकच्या सेमिनारला मोन्सँटो (पेटंटवाली कंपनी) विरुद्ध नुजिवीडू (बियाणं कंपनी) हा खटला घेतलाय. भारतीय पेटंट क्र. २१४४३६, क्लेम (म्हणजे पेटंटमध्ये हक्क नेमका कशावर मागितलाय ते सांगणारी कलमं) २५ ते २७. वर्गात सगळे म्हणतात, ‘क्राय-२-एबी जनुक (अळीला विषारी प्रथिन बनवणारं) कंपनीच्या मालकीचं होतं.’ पण ते जनुक मातीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस जिवाणूत मुळातच असतं ना? मग त्या जिवाणूची फवारणी केली तरी पेटंटचा भंग? आणि शेतकऱ्याच्या सरकीचं काय?

क्लेमवाचक:
‘जनुकाचं पेटंट’ म्हणणं आधी सोड. त्यामुळे कंपनीने मागितलं नव्हतं तेही आपणच तिच्या पदरात टाकतो. मी रोज क्लेम वाचते ते प्रिंट काढून, प्रत्येक अटीपाशी पेन्सिलीने रेघ मारत. क्लेम २५ मध्ये अशा पाच अटी निघतात. प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा हवा. त्याला प्लास्टिड ट्रान्झिट पेप्टाइडचा (प्रथिनाला प्लास्टिड या वनस्पती-पेशीतल्या कप्प्यात नेणाऱ्या छोट्या तुकड्याचा) कोड जोडलेला हवा. त्याच रीडिंग फ्रेममध्ये (तीन-तीन अक्षरांच्या त्याच वाचन-क्रमात) पुढे क्राय-२-एबी प्रथिनाचा कोड हवा. वनस्पतीच्या पेशीत त्यातून दोन्हींचं जोडप्रथिन बनायला हवं. आणि त्या जोडामुळे विषारी प्रथिन पेशीतल्या ठरावीक कप्प्यात पोचायला हवं. एक जरी अट सुटली, तरी वस्तू क्लेमबाहेर. जिवाणूत प्लास्टिडच नसतात, त्याच्या जनुकाला ट्रान्झिट पेप्टाइड कुठलं असणार? फवारणी बिनधास्त करा.

पण एक बाजू कंपनीच्या फायद्याची आहे, ती सेमिनारमध्ये लपवू नकोस. क्लेममध्ये ए-टी-जी-सी या डीएनएच्या अक्षरांची ठरलेली ओळ मागितलेली नाही, क्राय-२-एबी ‘बनवणारा’ कोड मागितलाय. कोडॉन (डीएनएचे तीन अक्षरी शब्द) बदलून तेच प्रथिन बनवलं, तरी सुटका नाही. शेजारी क्राय-१-एसी हे दुसरं बीटी जनुक बसवलं तरीही नाही, कारण जास्तीचे तुकडे जोडायला क्लेम मोकळा आहे.

पांढरं_सोनं:
ताई, पण सरकीत तर या पाचही अटी पुऱ्या होतात. मग आम्ही घरचं बियाणं ठेवलं तर?

क्लेमवाचक:
दादा, इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. क्लेमच्या शब्दांत काय बसतं, हा एक. कायद्याने तसा क्लेम देता येतो का, हा दुसरा. पेटंट कायद्याचं कलम ३(जे) वनस्पती, त्यांचे भाग आणि बियाणं यांवर पेटंट देत नाही. त्याच आधारावर दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ११ एप्रिल २०१८ ला हे क्लेम रद्द केले. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०१९ ला तो निकाल बाजूला सारला आणि पुराव्यानिशी सुनावणी घ्या म्हणून खटला परत पाठवला. पुढे पेटंटची २० वर्षं संपली, २०२१ मध्ये दोन्ही पक्षांनी तडजोड केली. कापूसवाल्यांना हवं असलेलं उत्तर न्यायालयाकडून आलंच नाही, याची मला मनापासून चीड आहे.

घरच्या बियाण्यासाठी २००१ च्या वाण संरक्षण कायद्याचं कलम ३९ वाचा. राखून ठेवणं, पेरणं, देवाणघेवाण, विक्री, सगळ्याला मुभा आहे. फक्त संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँड लावून विकता येत नाही.

परभणीकर, क्लेम १ ते २४ प्रक्रियेचे आहेत. त्यांत शिरू नकोस, वाद २५ ते २७ चाच होता.